भिंतीला पाठ लावून

झुकिस्वाने आईची चालायची ढब नाटकाला देऊन टाकली होती, आणि आता तिला ती परत हवी होती.

दक्षिण आफ्रिकेतल्या मखांडा गावच्या जोझा वस्तीतल्या या नाटकमंडळीत लेखक नव्हता, संहिता नव्हती. पाच जणांनी उघड्या जमिनीवर उभं राहायचं, आपल्या घरातलं काहीतरी अंगाने करून दाखवायचं. बाकीच्यांनी ते उचलायचं. त्यातून नाटक. नियम एकच: जमिनीवर ठेवलं ते सगळ्यांचं. दोन महिन्यांपूर्वी झुकिस्वाने चपला हातात घेतल्या आणि श्वास कोंडून, पाठ भिंतीला घासत ती सरकत गेली. बाप पिऊन आला की आई मागच्या दारापर्यंत अशीच जायची. आधी सगळे हसले. मग कुणीच हसलं नाही. आता अख्खं नाटक त्या चालीवर उभं होतं. उद्या पहिला प्रयोग, आणि आई येणार होती, चर्चमधल्या सहा बायका घेऊन. तिचा मेलेला नवरा देवमाणूस होता, असंच त्या बायकांना ठाऊक होतं.

"म्झोलिसीदादा, तेवढं काढून टाक," ती दिग्दर्शकाला म्हणाली.

"काढू? मग उरतं काय? माझं टक्कल?"

"अरे, माझी आई आहे ती."

"होती. आता पाच जणांची आहे."

मग तिने लबाडी केली. "माझंच चुकलं होतं, ती अशी चालायची," म्हणत ती भिंत सोडून, हात मोकळे टाकून सरळ चालली. चौघांनी करून पाहिलं. त्यांतली पुमेझा मध्येच थांबली.

"ए बये, कुणाला बनवतेस? माझ्या पाठीला कळतं. ही बाई घाबरलेलीच नाही."

"मी उद्या येणारच नाही!"

"नको येऊस," पुमेझा हळूच म्हणाली. "आम्हाला येतं ते."

खरंच येत होतं. चार अंगांत आई घुसली होती. कुठून उपटून काढणार? आग लागो असल्या कलेला! माणसांच्या जखमा मागायच्या आणि वर सगळ्यांची निर्मिती म्हणून मिरवायचं. पण तिच्याकडे आईची जखम मागितली कुणी होती? तिनेच दिली, कौतुकाच्या हावेने.

घरी आई चर्चचा लाल झगा इस्त्री करत होती.

"आई, उद्या नको ना येऊस."

"का गं? माझी लाज वाटते?"

कारण सांगायचं तर या घरात वीस वर्षं कुणी न उच्चारलेलं उच्चारावं लागलं असतं.

"कुणाबद्दल आहे ते नाटक?"

"कुणाबद्दलच नाही."

"मग झालं तर!" आईने बाही उलटवली. "बायकांना सांगून ठेवलंय, लवकर निघायचं. पहिली रांग धरायची."