बसमधला तास

"सर, तुम्हीसुद्धा?"

खांद्यावर स्की टाकून डोंगरावर जाणाऱ्या बसच्या पायरीवर चढलेले हेगन सर चपापले. स्टीअरिंगवर बसलेली लोर्ना त्यांच्याकडे बघतच राहिली. तिच्या मागे कॉलेजातला तिचा सगळा वर्ग आधीच बसला होता, गुडघ्यांमध्ये स्की धरून.

रात्रीत ढोपरभर बर्फ पडला होता. अशा सकाळी आमच्या गावात बेकरीवाला दाराला पाटी अडकवून डोंगरावर स्की खेळायला जातो, दातांचा डॉक्टर जातो, मग कॉलेजची काय कथा. पण आज दहा वाजता हेगन सरांच्या भाषणकलेच्या तासाला लोर्नाची परीक्षा होती. वर्गासमोर भाषण झालं नाही तर विषय राहणार, आणि विषय राहिला तर गावच्या शाळेत कबूल झालेली पहिलीच्या बाईंची जागा जाणार. याआधी दोनदा ती उभी राहिली होती आणि दोन्ही वेळा समोरचे चेहरे बघून तिची वाचाच बसली होती. चोपन्नाव्या वर्षी, लेकाच्या वयाच्या पोरांपुढे! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"मला वाटलं, आज कुणीच येणार नाही," सर पुटपुटले.

"मी येणार होते. नऊला बदली ड्रायव्हर आला की निघणारच होते."

"पुढच्या सत्रात घेऊ या ना तुमचं."

"जागा तोवर थांबणार आहे का, सर?"

सर खाली मान घालून पुढच्याच सीटवर बसले.

अर्ध्या घाटात बस थांबवावी लागली. वर लोंबणारा बर्फ आपोआप कोसळायच्या आधी सुरुंग लावून पाडत होते, रस्ता बंद. पोरं चुळबुळायला लागली. तेवढ्यात मागून टकर ओरडला, "लोर्ना, इथंच ठोका की भाषण! आम्ही कुठं पळतोय?"

"हजेरीसुद्धा पूर्ण आहे, सर," एक मुलगी म्हणाली. एरवी ती तासाला कधीच नसायची.

सर हसले. "करा सुरू."

लोर्नाने थांबे पुकारायचा माइक उचलला. समोर फक्त काच आणि पांढरा रस्ता. आवाज आपसूक निघाला.

"बारा वर्षं मी शाळेची बस चालवली. कोण उपाशी आलंय, कुणाशी कुणी बोलत नाही, सगळं मला आरशात दिसायचं. पण शाळा आली की मी दार उघडायची आणि पोरं उतरून जायची. विचारायचं राहूनच जायचं."

एवढ्यात रस्ता खुला झाला. घाटात बोलत गाडी चालवणं तिला जमणारं नव्हतं, तिने माइक ठेवून दिला.

वरच्या थांब्यावर तिने सवयीने दार उघडलं. समोर माणसांना शिखरावर नेणारे तारेवरचे पाळणे सुरू झाले होते, रांग वाढत होती. टकर उठला. शेजारणीने त्याचं जाकीट ओढलं.

"बस ना खाली. त्यांचं संपलंय कुठं?"

तो बसला. बाकी कुणी उठलंच नव्हतं.

लोर्नाने इंजिन बंद केलं, पट्टा सोडला आणि ती मागे वळून उभी राहिली. समोर पुन्हा तेच चेहरे होते. सगळे तिच्याकडे बघत होते, सरही. उघड्या दारातून गार वारा आत येत होता, पण कुणी घाई केली नाही.

"आता मला पोरांना समोरून बघायचंय," ती म्हणाली.

या वेळी माइक तिने घेतलाच नव्हता. तरी ते शेवटच्या सीटपर्यंत ऐकू गेलं.