पानावरचं मौन

प्रांजल नऊ वर्षांची. पहिलीपासून मी तिला बजावत आले. अनोळखी माणसाकडून काही घ्यायचं नाही. 'आईने बोलावलंय' म्हटलं तरी कुणाबरोबर जायचं नाही. भीती वाटली तर ओळखीच्या माणसाचा हात धरायचा. ती पाढ्यासारखं म्हणून दाखवायची.

ओळखीचे म्हणजे आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमधले अनंतकाका. आरतीला सगळ्यात वरचा सूर त्यांचा. संध्याकाळी क्लासमधून तिला तेच आणायचे.

चातुर्मासात मी दिवसातून एकदाच जेवायचे, दिवेलागणीनंतर, तेही मौनाने. मध्ये बोललं तर पानावरून उठायचं, मग दुसऱ्या संध्याकाळपर्यंत उपास.

श्रावणातल्या एका संध्याकाळी ती दप्तरासकट पानासमोर येऊन उभी राहिली.

"आई, मी उद्यापासून काकांबरोबर नाही येणार."

मी बोट वर केलं. थांब.

"ते गल्लीत हात सोडत नाहीत. सोडा म्हटलं तरी."

मी डोळे वटारले. भात अर्धा राहिला होता आणि पोटात आग पडली होती. ती जरा वेळ उभी राहिली, मग आत गेली.

आचवून मी विचारलं, "काय म्हणत होतीस गं?"

"काही नाही."

खरं सांगते, मला बरं वाटलं. मौन मोडलं नव्हतं.

वीसेक दिवसांनी शेजारची सुलक्षणा तिला हाताला धरून घेऊन आली. "अगं वनमाला, ही पलीकडच्या बिल्डिंगच्या जिन्यात लपलेली! तिथल्या वॉचमनला सांगत होती, काका गेले की मला घरी सोडा. ओळख ना पाळख!"

दार लावून मी तिला जवळ घेतलं. अंग चोरून उभी राहिली.

"मला का नाही सांगितलंस, बाळा?"

"सांगितलं होतं. तू जेवत होतीस."

त्याच पावली खाली काकांच्या घरी गेले. जन्मात पहिल्यांदा ओरडले. काका शांतपणे म्हणाले, "वहिनी, मुलीसारखी आहे ती मला." पोलिसांत तक्रार दिली. बिल्डिंगमधले म्हणतात, इतकी वर्षं आरती म्हणणारा माणूस, काहीतरी गैरसमज असेल. गणपतीत वरचा सूर यंदाही त्यांचाच होता. आम्ही दोघी दार लावून घरात बसलो.

व्रत मी सोडलं. जेवताना आता मीच विचारत राहते, शाळेत काय झालं, क्लासमध्ये काय झालं. ती मान खाली घालून जेवते.

क्लासमधून आता मीच तिला आणते. रस्ता ओलांडताना हात पुढे करते. ती दप्तराचे दोन्ही पट्टे घट्ट धरते आणि म्हणते, "तू चाल पुढे. येते मी."