लाडूचं पारणं

लाडू उलटा तरंगताना पहिल्यांदा ब्राह्मीला दिसला.

"आई, लाडू बघ कसा झोपलाय, पोट वर करून."

लाडू म्हणजे आमचा गोल्डफिश. रंगानं आणि आकारानं बुंदीच्या लाडवासारखा, म्हणून माझ्या लेकीनं ठेवलेलं नाव. मी धावत गेले. तो जिवंत होता. सरळ व्हायला धडपडायचा, अर्धा वळायचा आणि पुन्हा कलंडायचा. माझा धाकटाही अजून बसता बसता कलंडतो, पण त्याला उशी लावता येते. माशाला काय लावणार?

मिरजेच्या नूरीनकडे, माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीकडे, मोठी टाकी आहे. तिला व्हिडिओ पाठवला, तिचा लगेच फोन आला.

"पोट बघ किती फुगलंय. आत हवेची पिशवी असते, तिच्यावर दाब येतोय. कोण भरवतंय गं एवढं?"

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत्या, माझ्या सासूबाई, मूग निवडत होत्या. सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, देवदर्शन करून आल्या की लाडूला चिमूटभर. चहाआधी चिमूटभर. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं होतात, मग कुणी काही खात नाही. म्हणून संध्याकाळी त्याला दोन चिमटी जास्त. लेकरू रात्रभर उपाशी राहतंय ना.

"दोन-तीन दिवस काहीच देऊ नको," नूरीन म्हणाली. "पाणी कमी कर, वर येताना दमायला नको त्याला. मग मटारचा एक दाणा, बिनमिठाचा उकडून, साल काढून. जगेल बहुतेक."

ते 'बहुतेक' मी ब्राह्मीला सांगितलं नाही. लाडूचा उपास आहे, एवढंच म्हटलं. तिला पटलं. आत्यांना नाही.

"उपास आपला आपण धरायचा असतोय. मुक्या जिवाला कोंडून उपाशी ठेवायचं, त्याला उपास म्हणत न्हाईत."

"आत्या, खाऊनच त्याची ही गत झालीय."

बोलून गेले आणि जीभ चावली. उठून त्यांनी लाडूच्या खाण्याची डबी आणून माझ्या हातात दिली.

पंचाईत अशी, की बस्तीला जायची वाट टाकीसमोरूनच. आत्या दिसल्या की लाडू वाकडातिकडा काचेशी येऊन तोंड उघडायचा. मग त्या पदर आडवा धरून जायला लागल्या.

"अज्जी, तो तुला ओळखतोय."

"म्हणून तर तोंड लपवाय लागतंय की गं."

मग चतुर्दशी, आमची चवदस, आली. आत्यांचा उपास असतो. त्या दिवशी त्यांनी टाकीजवळ स्टूल ओढलं आणि जपमाळ घेऊन बसल्या.

"आज चोरून जायाचं काय कारण न्हाई. मी बी उपाशीच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेगडीवर दोन भांडी होती. एकात आत्यांच्या पारण्याचं मुगाचं पाणी, दुसऱ्यात आष्ट्याच्या बाजारातले मटार. मी मुगाचं पाणी वाटीत ओतून दिलं, पण आत्यांनी वाटीला हात लावला नाही.

"आदी त्याचं हू दे."

"आणि त्यानं नाही खाल्लं तर?" ब्राह्मीनं विचारलं.

मी मऊ दाण्याचा कण सोडला. लाडू त्याच्या शेजारून कलंडत गेला, कण तळाशी गेला. दुसराही गेला. मुगाचं पाणी निवायला लागलं.

"तुम्ही द्या, आत्या."

"नको गं. माझ्या हातानंच बिघडलंय त्याचं."

"पण ओळखीचा तोच हात आहे त्याला."

त्यांनी बांगड्या मागं सारल्या आणि बोटं पाण्यात बुडवली. लाडू आडवाच आला. आधी बोट चाचपलं, मग कण ओढला आणि गिळला. आत्यांनी दुसरा कण दिला, तोही गेला. मग ओल्या हातानंच वाटी उचलून त्यांनी ते गार पाणी उभ्याउभ्या पिऊन टाकलं.

दुपारी टाकीत हिरवट दोरा तरंगला. लाडूला शी झाली, ही बातमी ब्राह्मीनं गल्लीभर पोचवली. संध्याकाळपर्यंत त्याचं पोट खाली आणि पाठ वर.

डावीकडं जरासा झुकतो अजून. तेवढं राहणार, नूरीन म्हणते. डबी पुन्हा आत्यांकडं गेलीय. दिवस मावळायच्या आत भिजवलेले चार दाणे पाण्याखाली बोटांनी भरवतात आणि मग काचेसमोर दोन्ही तळवे उघडून दाखवतात.

"संपलं. आता सकाळी."

लाडू थोडा वेळ तोंडाची उघडझाप करत थांबतो. मग कललेला कललेला वळून आपल्या वाटेनं जातो.