मागची तारीख

“मागची तारीख टाका, वकीलसाहेब. कोण बघायला येतंय?”

रियाधच्या दवाखान्यात नौशाद खाटेच्या पायथ्याशी उभा होता. खाटेवर मुनाफ, डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं, उजव्या हाताला सलाईन. सिराजुद्दीन वकील स्टुलावर बसले होते आणि त्यांच्या मांडीवरच्या फाईलवर कोरा कागद होता. भेटीची वेळ संपायला पाऊण तास उरला होता.

“दोन महिन्यांमागची टाका. तेव्हा हा धडधाकट होता. माझ्याबरोबर फरशीचे खोके दुसऱ्या मजल्यावर चढवत होता.”

“मला माहीत आहे.”

“मग?”

वकिलांनी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

मुनाफचं मागणं काही मोठं नव्हतं. दाभोळच्या खाडीवर त्याचं तीन खोल्यांचं घर होतं. तेवीस वर्षं रियाधमध्ये लोकांच्या घरांना फरशा बसवून त्यानं ते उभं केलं होतं. पोटी मूल नाही. घरात बायको हलिमा आणि तिच्या मेलेल्या बहिणीची लेक इफरा. अकरा दिवसांची असल्यापासून ती ह्यांच्याच पदरात वाढलेली, आता चौदा वर्षांची. पण शरियतीत पाळलेल्या लेकराला वारसा नाही. मुनाफच्या मागं त्याचे दोन भाऊ वाटा मागायला येणार, आणि भाऊ कसे आहेत ते मुनाफ ओळखून होता. म्हणून घर पोरीला द्यायचं, एवढंच त्याचं म्हणणं.

निरोगी माणूस आपलं सगळं घर कोणालाही बक्षीस देऊ शकतो. मरणाच्या दुखण्यात दिलं, तर तिसऱ्या हिश्श्यापुरतंच चालतं. पुढचं वारसांच्या मर्जीवर. हा कायदा वकिलांना कलम्यासारखा पाठ होता.

सिराजुद्दीन मूळचे खेडचे. त्यांच्या बापाची जमीन सख्ख्या चुलत्यानं मागच्या तारखेचा कागद करून गिळली, त्या रागावर ते वकील झाले. कोर्टात चार वर्षं काढली, तर तिथं तसले कागद रोजचेच. मन उडालं, आणि रियाधला येऊन ते एका भाषांतराच्या ऑफिसात टायपिंगला बसले. पण घेतलेल्या शिक्षणाचा अल्ला जाब विचारील असं त्यांना वाटे. म्हणून दर जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, नमाजनंतर बत्हा बाजारातल्या एका मल्याळी हॉटेलात, मागच्या बाकावर बसून, कोकणातल्या लोकांना ते मृत्यूनंतरची वसीयत आणि बक्षीसपत्रं लिहून देत. बदल्यात चहा घेत, दुसरं काही नाही. अट मात्र एक होती. आल्या दिवशी लिहायचं नाही.

“इस्तिखाऱ्याची नमाज पढा, अल्लाला विचारा, बायकोला फोन करा. पुढच्या जुम्म्याला या.”

लेकाला बेदखल करायला तणतणत आलेली माणसं आठवड्यानं निवून येत. एकोणीस वर्षांत त्या एका अटीनं कितीतरी घरं तुटता तुटता राहिली होती.

मुनाफही तसाच एका जुम्म्याला आला. बाकावर टेकून घराचं बोलायला लागला, तसा वकिलांनी हात वर केला. आज नको, म्हणाले.

सोमवारी सरकारनं कागद नीट करायला दिलेली मोहलत संपली. सौदी लोकांना नोकऱ्या द्यायच्या म्हणून बाहेरच्या माणसांचे कागद रस्त्यारस्त्यावर तपासले जाऊ लागले. मुनाफचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, एका कफील मालकाच्या नावावर आणि काम दुसऱ्याकडं. पुढच्या जुम्म्याला बत्हात चिटपाखरू नव्हतं. मुनाफनं सात आठवडे खोलीत कोंडून काढले. कावीळ झाली तरी दारात इकामा विचारतील म्हणून दवाखान्याचं नाव काढलं नाही. शेवटी नौशादनं त्याला उचलून आणलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, लिव्हर संपलं.

वकिलांचं टेबलही त्याच लाटेत गेलं. त्यांच्या जागी एक सौदी पदवीधर आला होता. बिचारा चांगला होता, रोज आधी सलाम करायचा. वकिलांचं मंगळवारचं विमान होतं. आज सकाळी बॅगा भरताना त्यांची बायको रईसा म्हणाली होती, “नियम तुमचा, आणि भोगायचं त्या पोरीनं.”

“मग खोटं लिहू?”

“मी कुठं म्हणाले? बोलले आपली.”

लेक सादियानं वहीतून डोकं वर न काढता म्हटलं, “अब्बू, एक दफा रूल तोड देते.”

“त्यानं तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं ना?” इथं खाटेपाशी नौशाद पुन्हा म्हणाला. “मग ह्यात खोटं काय?”

“तो सांगत होता. मीच थांबवलं.”

“त्यांना नको टोचू रे,” मुनाफ म्हणाला. आवाज विहिरीतून आल्यासारखा. “सिराजभाय, तेव्हा लिवलं असतं तर पुरं झालं असतं?”

“हां.”

“मी विचारलं होतं अल्लाला. त्याच रातीला.”

“काय आलं मनात?”

“तेच. घर पोरीचं. शनवारीच येनार होतो. पन तुम्ही जुम्मा बोललेलात.”

वकिलांनी लिहायला घेतलं. वर आजची तारीख टाकली. नौशादनं ती पाहिली आणि तोंड फिरवलं.

“तिसरा हिस्सा इफराचा,” वकील म्हणाले. “उरलेल्यातला चौथा हलिमाभाभीचा. मिळून अर्धं घर दोघींचं. अर्धं भावांचं.”

“अर्ध्या घराला दार कुठून काढतात, साहेब?” नौशाद म्हणाला.

वकिलांनी मान वर केली नाही. खाली त्यांनी दोघा भावांना विनंती लिहिली, आपला वाटा पोरीला सोडावा म्हणून. एवढ्या वर्षांत असल्या विनंतीवर कोणी वाटा सोडल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं. तरी अक्षर सुवाच्य काढलं.

सलाईनच्या हातानं सही होईना. मंजिरी सिस्टर सांगलीकडची. ती बाळंतिणींच्या वॉर्डात जाऊन शाईचा पॅड घेऊन आली.

“बाळांच्या पावलांचे ठसे घेतो आम्ही ह्याच्यावर,” ती म्हणाली. “काका, डावा अंगठा द्या.”

ठसा उमटला. खाली नौशादनं साक्ष घातली, मंजिरीनं घातली. मुनाफनं डोळ्यांनीच फोनकडं खूण केली. नौशादनं नंबर लावून फोन त्याच्या कानाशी धरला.

“हां, हलिमा. झालं. वकील आलेत, त्यांनी सगलं केलं.” तो थांबला. “सगलं.”

वकील स्टुलावरून उठले आणि कागद फाईलमध्ये सरकवला. मुनाफ त्यांच्याकडं बघत होता.

“इफरा तुमच्याशी बोलते म्हणतेय.”

वकिलांनी फोन घेतला. पलीकडून गडबडीचा आवाज आला. “सलाम, चाचा. अब्बांना जास्त बोलवत नाही, म्हणून तुम्हीच विचारा. माझ्या खोलीला खिडकी काढायला उद्या गवंडी येतोय. रस्त्याकडं काढायची का खाडीकडं?”

वकिलांनी फोन छातीशी धरला आणि वाकून मुनाफला विचारलं.

मुनाफनं डोळे मिटले. घर डोळ्यांपुढं उभं करत असावा.

“खाडीकडं. वारा येतो.”

“खाडीकडं,” वकिलांनी फोनवर सांगितलं. “वारा येतो, म्हणतात.”