चौदा मजले उणे

चाळीस वर्षं लिफ्टमधल्या स्टुलावर बसून वरखाली केलेल्या लिफ्टमनकाकांनी डोंगर चढायचं जाहीर केलं, तेव्हा काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो, पहिल्या मजल्यावर जायलाही लिफ्ट लागते तुम्हाला!"

पण काकांनी मनावर घेतलं होतं. त्यांची नात चाकाच्या खुर्चीत. तिचं उपचार केंद्र तिसऱ्या मजल्यावर आणि तिथं लिफ्ट नाही. लेक तिला पाठुंगळी घेऊन जिना चढायची. लिफ्टमनच्याच नातीला लिफ्ट नाही, हे काकांना फार लागलं होतं. केंद्रानं लिफ्टचे पैसे जमवायला शिखराची मोहीम काढली; जो चढेल त्यानं आपला देणगीदार शोधायचा. काकांनी आपल्या इमारतीतल्या नवव्या मजल्यावरच्या वकिलांना गाठलं, तेही चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये, लिफ्ट थांबवून.

"देतो, देतो, आधी वर घ्या!" वकील ओरडले. नवव्यावर पाय टेकताच मात्र त्यांच्यातला वकील जागा झाला. "अर्धा खर्च माझा. पण शिखर गाठलंत तर. एक पाऊल कमी पडलं तर छदामही नाही."

सातव्या दिवशी बर्फात काकांनी वाट दाखवणाऱ्या ताईंना विचारलं, "किती राहिलं?"

"तीनशे मीटर."

"मजल्यात सांगा."

"शंभर."

काका एकेक मजला मोठ्यानं पुकारत निघाले. शहाऐंशीव्याला विरळ हवेनं त्यांना एकीच्या दोन ताई दिसायला लागल्या.

"काका, खाली," दोघी एकदम म्हणाल्या.

चाळीस वर्षांत 'खाली' म्हणणाऱ्याशी काकांनी कधी वाद घातला नव्हता. मोहिमेत बरोबर आलेला एक सलूनवाला कानाशी लागला, "पोचलात म्हणून सांगू की! कोण बघतंय?"

"लिफ्ट मधेच अडकली असताना मजला आला म्हणायचं नसतं, बाबा," काका म्हणाले आणि डोळे पुसत उतरले.

परत आले तर इमारतीतल्या लिफ्टला कुलूप. बदली माणसानं वकिलांच्या सासूबाईंना दोन तास मधे लटकवलं होतं. तेव्हापासून सगळे जिन्यानं. सातव्या मजल्यावर जिन्यातच खुर्ची टाकून वकील धापा टाकत बसलेले.

"पोचलात?"

"नाही साहेब. चौदा मजले राहिले."

वकिलांनी वर, आपल्या दाराच्या दिशेनं पाहिलं. "माझे रोज दोन राहतात. चहासुद्धा बायको इथंच आणून देते." मग खालच्या आवाजात म्हणाले, "अट गेली खड्ड्यात. देतो पैसे. आधी ती लिफ्ट चालू करा."

काकांनी कुलूप काढलं, लिफ्ट आणली, सातव्याला बरोबर फरशीला फरशी लावून थांबवली. वकील आत आले. दार लागलं. सातव्या आणि आठव्याच्या मध्ये लिफ्ट थांबली.

"आता काय झालं?"

"काही नाही," काकांनी खिशातलं पेन पुढे केलं. "मागच्या वेळी वर पोचल्यावर अट निघाली होती. या वेळी चेक इथंच लिहू या."