तीन पंच इकडे, दोन तिकडे

रेफरीने धाकटीचा हात वर केला तेव्हा अर्धं सभागृह टाळ्या वाजवत होतं आणि उरलेलं अर्धं बोंब ठोकत होतं. गंमत अशी, की यातल्या कोणत्या अर्ध्यात जाऊन बसावं हे खुद्द धाकटीलाच कळेना. पाच पंचांपैकी तिघांनी कौल तिला दिला होता, दोघांनी समोरच्या मुलीला. समोरची डाव्या हाताने खेळायची, म्हणून सगळे तिला डावखुरीच म्हणत. डावखुरीने ओठावरचं रक्त पुसलं, धाकटीच्या पाठीवर थोपटलं आणि बॉक्सिंग रिंगच्या दोरांमधून खाली उतरली. त्या थोपटण्याचा अर्थ 'शाब्बास' असा होता की 'चोर कुठली' असा, हे कोडं धाकटी घरी पोचेपर्यंत सोडवत होती.

आपण खरंच जिंकलो का? एवढाच तिचा प्रश्न. पहिली फेरी तिची, यात वाद नव्हता. दुसरी डावखुरीची, यातही नव्हता. घोडं अडलं होतं तिसरीत, आणि तिसरीतलं धाकटीला धड काही आठवतच नव्हतं. कानाजवळ एक डावा ठोसा बसला, डोक्यात घंटा वाजली, आणि पुढची ऐकू आली ती सामना संपल्याची खरी घंटा.

"पंचांनी पंच मोजायचे, एवढंच ना? मग वाद कसला?" आई म्हणाली. आईला या खेळातलं ओ की ठो कळत नसे. पण आपली लेक हरली असं कुणी म्हणालं, तर त्याला ती दारातूनच वाटेला लावी. डावखुरीच्या क्लबने सामना पुन्हा घेण्याचा धोशा लावला होता, पण धाकटीचे उस्ताद काही दाद देईनात. जिंकलेल्याने तोंडाला कुलूप घालावं, असं त्यांचं मत. थोरला भाऊ नळदुरुस्तीची कामं करायचा. तो म्हणाला, "तीन दोनापेक्षा जास्त असतात. झोप आता."

धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर जड गोल फ्रेम चढवायची, काचा बदलत राहायचं आणि विचारायचं, हे स्पष्ट की हे? एके दुपारी त्या खुर्चीत येऊन बसले, ते तिला जिंकवणाऱ्या तिघांतलेच एक पंच. त्यांनी तिला ओळखलं नाही.

"हे स्पष्ट, की हे?"

"दोन्ही सारखीच," पंच म्हणाले.

"आणि आता?"

"तसंच गं. तूच काय ते ठरव ना, पोरी. तुझं रोजचं काम आहे."

त्यांचा जुना नंबर आणि नवा नंबर यांत जमीन-अस्मानाचा फरक निघाला. धाकटी दुकानातून तडक उस्तादांकडे गेली आणि म्हणाली, "सामना पुन्हा घ्या." उस्तादांनी कपाळावर हात मारला. "जिंकलेली पोरगी म्हणते पुन्हा खेळते! हे ध्यान माझ्याच वाट्याला यायचं होतं!"

होकाराचा निरोप घेऊन दादा डावखुरीच्या क्लबात गेला. निरोप एका ओळीचा, दादा परतला तो तिन्हीसांजेला. त्यांच्याकडचा नळ गळत होता म्हणाला, म्हटलं बघून घ्यावा. मग धाकटीचा अंगठा सुजला, तारीख पुढे गेली, दादा पुन्हा निरोप घेऊन गेला. पुन्हा नळ. मग त्यांच्या उस्तादांची काही अडचण निघाली. पुन्हा निरोप, पुन्हा नळ.

"त्या क्लबात नळ आहेत तरी किती?" आईने विचारलं. दादाचे कान लाल झाले, आणि घरात ज्याला जे कळायचं ते कळलं.

तर अशी डावखुरी लग्न होऊन याच घरात आली. धाकटीची पंचाईत झाली ती इथून. जिच्या नाकावर नेम धरून इतके महिने सरावाची पिशवी बडवली, तिला आता वहिनी म्हणायचं. बरं, वहिनी वाईट असती तरी सोय होती. ती धाकटीचे दुकानात जायचे कपडे न सांगता इस्त्री करून ठेवायची. सरावाच्या वेळी धाकटी पिशवीवर तिचा चेहरा आणू बघायची, तर डोळ्यांपुढे यायची ती खांद्यावर टॉवेल टाकून उभी असलेली वहिनी. आधी अंघोळ तुझी का माझी, असं विचारणारी. असल्या बाईला ठोसा मारायचा कसा?

"नणंद-भावजयींनी चारचौघांत एकमेकींची थोबाडं फोडायची?" आई कडाडली. "भांडायचं तर घरात भांडा. सगळ्या भांडतात."

पण वहिनीही खेळायचं म्हणत होती. तारीख ठरली. तू कुणाच्या बाजूने ओरडणार, असं दोघींनी विचारल्यावर दादा म्हणाला, "मी बाहेर गाडीत बसतो."

सामन्याच्या सकाळी वजनं झाली आणि दोघी डॉक्टरबाईंच्या खोलीकडे गेल्या. खेळण्याआधी तपासणी व्हावीच लागते. वहिनी आधी आत गेली ती बराच वेळ बाहेर येईना. आल्या त्या डॉक्टरबाई. "तुमच्या वहिनी आज खेळणार नाहीत," त्या म्हणाल्या, "आणि पुढचे बरेच महिनेही नाही. तुम्ही आत्या होणार. अभिनंदन!"

धाकटीला हसावं की रडावं ते सुचेना. आत्या! आनंदाने तिला भरून आलं, आणि त्याच क्षणी असं वाटलं की कुणीतरी आपल्या हातातलं काहीतरी हिसकावून नेलं. आपल्याला नेमकं कशाचं रडू येतंय हे न कळल्यामुळे ती आणखीच रडली.

नियम असा, की समोरचा आला नाही तरी आपण रिंगमध्ये जायचं. हातमोजे चढवून ती एकटीच मध्यभागी उभी राहिली. घंटा झाली. रेफरीने तिचा हात वर केला. पहिल्या रांगेत वहिनी उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि शेजारी दादा रुमालात तोंड खुपसून हुंदके देत होता. या वेळी कुणीही बोंब ठोकली नाही. एकही ठोसा न मारता मिळवलेला हा विजय मात्र सगळ्यांना मान्य होता.

कपडे बदलायच्या खोलीत वहिनी धाकटीच्या हातांच्या पट्ट्या सोडवायला बसली.

"वहिनी, त्या दिवशी कोण जिंकलं होतं?"

"तू," वहिनी लगेच म्हणाली. "तिसऱ्या फेरीत दोनदा कोपऱ्यात कोंडलंस मला. आठवत नाही?"

नव्हतं आठवत. "मग पुन्हा खेळायचं कशाला म्हणत होतीस?"

"क्लब म्हणत होता. नंतर तुझा दादा निरोप घेऊन यायला लागला. मी कशाला नको म्हणू?"

धाकटी खो खो हसत सुटली. किती दिवसांनी तिला इतकं हलकं वाटलं. मग तिला आठवलं, कालच आईने केस बुटाच्या पॉलिशसारखे काळेकुळकुळीत रंगवले होते आणि 'अगदी नैसर्गिक दिसतात हो' असं वहिनीने याच आवाजात सांगितलं होतं. तिचं हसू विरलं.

"हे वहिनी म्हणून सांगतेस, की डावखुरी म्हणून?"

वहिनीने वर पाहिलं. क्षणभर तिची नजर रिंगमधल्यासारखी धारदार झाली.

"तू सगळ्यांना विचारत फिरलीस. मला एकदा तरी विचारलंस? डावखुरी होते तेव्हा यायचं होतंस माझ्याकडे. खरं सांगितलं असतं."

"मग आता खरं सांग."

"सांगितलं की आत्ता."

धाकटी तिच्या चेहऱ्याकडे बघतच राहिली. त्या चेहऱ्यावर माया होती, नुसती माया, आणि दुसरं काही शोधून सापडत नव्हतं.

"दुसरा हात दे," वहिनी म्हणाली. धाकटीने दिला.