न तुटलेली काचपट्टी

मित्रांनो, मी एक जुनी काचपट्टी आहे. लांबी वीतभर, रुंदी दोन बोटे, आणि अंगावर एकही तडा नाही. इतरांना जे भूषण वाटेल, तीच माझी लाज आहे.

खिडकीच्या तावदानाच्या उरलेल्या तुकड्यातून मी कापली गेले. एका गवंड्याने मला एका जुन्या घराच्या भिंतीतल्या तड्यावर आडवे चिकटवले. पाया खचून भिंत सरकली, तर मी तुटायचे, एवढेच माझे काम. तुटले असते तर माझ्या जन्माचे सार्थक झाले असते.

ते घर सिस्टरबाईंना घ्यायचे होते. चौतीस वर्षे रुग्णसेवा करून निवृत्त झालेल्या या बाईंचा बेत साधा होता : घर भाड्याने द्यावे आणि म्हातारपणी कुणाच्या तोंडाकडे बघू नये. कोपऱ्यातला तडा पाहून मात्र त्या अडल्या.

"तडा जुनाच आहे, सिस्टरबाई," गवंडी म्हणाला. "पण जीवाला घोर नको. काच लावतो. तीन महिने टिकली, तर खुशाल घ्या."

काच विटेवर लावायची असते. त्यासाठी आधी गिलावा खरवडावा लागतो. गवंड्याला दुसरे काम गाठायचे होते. त्याने मला गिलाव्यावरच बसवले. तड्याच्या डाव्या बाजूचा गिलावा विटेपासून सुटून पोकळ झाला होता. बोटाने टकटक केली असती, तरी आवाजावरून कळले असते.

सिस्टरबाई दर रविवारी येत, चष्मा पुसून मला न्याहाळत आणि वहीत तारीख घालून 'शाबूत' असे लिहीत. माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. माझ्यामागे वीट केसाकेसाने खाली जात होती. पोकळ गिलावा मात्र माझ्यासह जागच्या जागी होता. मला ताण जाणवत नव्हता. ताण नाही, म्हणजे भिंत स्थिर आहे, असा निष्कर्ष मीही काढला.

घर घेतले गेले. एक शिंपी आणि त्याची बायको तिथे भाड्याने राहू लागली.

"दार घासतंय, सिस्टरबाई," काही महिन्यांनी शिंप्याची बायको म्हणाली. "आणि दोऱ्याचं रीळ मेजावर ठेवलं, की रोज त्याच कोपऱ्याकडे पळतं."

"अगं, काच बघ ना, जशीच्या तशी आहे. दाराला रंधा मारून घेऊ."

रंधा दोनदा मारला. तिसऱ्या वेळी तिचा आवाज चढला. "इतकी वर्षं पेशंट बघितलेत ना? पेशंट दुखतंय म्हणून ओरडतोय, आणि तुम्ही थर्मामीटर दाखवताय!"

सिस्टरबाईंनी दार स्वतः ओढून पाहिले. मग म्हणाल्या, "उद्या गवंड्याला आणते."

तो 'उद्या' उगवण्याआधीच, त्याच दुपारी, पोकळ गिलाव्याची लादी माझ्यासह सुटली. मी कापडांच्या ढिगावर पडले. लादी शिंप्याच्या उजव्या मनगटावर पडली. मनगट मोडले. मी शाबूत राहिले.

गवंड्याने उघड्या पडलेल्या तड्यात बोट घातले. ते पेरभर आत गेले. "त्या दिवशी खरवडायचा कंटाळा केला, सिस्टरबाई," तो खाली मान घालून म्हणाला.

"आणि मी विचारायचा," त्या म्हणाल्या.

"आता दोघं मिळून माझी काजं-बटणं करा," हात गळ्यात बांधलेला शिंपी म्हणाला. कुणीच हसले नाही.

कोपरा खणला, तेव्हा गळक्या नळाच्या पाण्याने पायाखालची माती वाहून गेलेली दिसली. भिंतीला टेकू देऊन थोडेथोडे काँक्रीट भरायला सुरुवात झाली. उघड्या विटेवर नवी काचपट्टी लावली. नवव्या दिवशी ती कट्‌कन तुटली. लगेच काम थांबले, टेकू वाढवले, आणि घर वाचले. तिचे तुकडे केरात गेले. मला तिचा हेवा वाटला.

आता मी शिंप्याच्या मेजावर कापड दाबून धरते. "काय मजबूत काच आहे हो!" गिऱ्हाईक म्हणते, आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे होते.

मित्रांनो, एखादी गोष्ट शाबूत दिसली, तर आधी एवढे विचारा : बिघाड असता, तर ही तुटली असती का? उत्तर 'नाही' असेल, तर तिच्या शाबूत असण्याला काडीचा अर्थ नाही. भिंतीवर टकटक करा. आणि घरात राहणारी बाई 'दार घासतंय' म्हणाली, तर रंध्याआधी पाया बघा.

शिंप्याचे मनगट जुळले आहे, पण पुरते वळत नाही. मला तो अजून डाव्या हातानेच उचलतो.